अडीच मार्कांची रुख्मी

माझ्या हातून झालेली एकच गोष्ट आजवर अकरा लाख लोकांनी पाहिली आहे, आणि नेमकी तीच करायला नको होती.

मी कुलदीप. अमरावतीत राजापेठेकडे चंद्रभानभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे डिझाइन करतो. वाढदिवस, नियुक्ती, पुण्यस्मरण. गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे वाघ पाहिजे की सिंह, हे विचारायचं काम माझं. दुपारी मशीन तापते म्हणून दीड तास बंद ठेवावी लागते. त्या दीड तासात मी मोबाइलवर एक पेज चालवायचो. नाव ‘अस्सल किती?’. टीव्हीवर, सिनेमात, कुठेही कोणी वऱ्हाडी बोललं की मी ते ऐकवायचो आणि पाटीवर खडूने दहापैकी मार्क लिहायचो. चंद्रभानभाऊंना कळू नये म्हणून तोंड दाखवत नसे. दिसायची ती पाटी आणि माझा हात. हाताला चाहते होते. मूर्तिजापूरच्या एका बाईने हाताला राखी पाठवते म्हणून पत्ता मागितला होता.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ‘रुख्मी जिनिंगवाली’. ही मालिका वऱ्हाडात घडते. म्हणजे घडते असं सांगतात. शूटिंग दुसरीकडेच कुठेतरी होत असावं, कारण कपाशीच्या वावरामागे हिरवेगार डोंगर दिसायचे आणि मे महिन्यात नायिका शाल पांघरून फिरायची. एका भागात धबधबाही होता. आमच्याकडे मे महिन्यात वरून पाणी पडतं ते फक्त गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर.

नायिका रुख्मिणी, बापाच्या माघारी कापसाची जिनिंग फॅक्टरी चालवणारी. तिचं काम करायची प्रणाली, पुण्याची. पहिल्या आठवड्यात मी तिला एक मार्क दिला, तोही ‘जिनिंग’ हा शब्द बरोबर उच्चारल्याचा. ती प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘बाप्पा’ म्हणायची, शेवटी ‘वं माय’ म्हणायची आणि मधलं सगळं ओरडायची, जणू वऱ्हाडातली माणसं एकमेकांपासून दीड एकरावर उभी राहूनच बोलतात. लोक हसले. मीही हसलो. पण मालिका रोजची होती, आठवड्यातले सहा दिवस. सहा महिन्यांनी मी तिला चार दिले. वर्षाने सहा. दुसऱ्या वर्षी ती नवाच्या खाली कधी आली नाही. ‘पोरगी काय शिकली!’ असं मी लिहायचो. ती काही शिकली नव्हती. पहिल्या दिवशी बोलत होती तसंच बोलत होती.

हे मला घरातच दिसायला पाहिजे होतं. माझी आई धामणगाव रेल्वे या गावची, जन्मापासून तिथलीच. दुसऱ्या वर्षी एकदा ती भाजीवाल्याला दारातून ओरडून म्हणाली, “बाप्पा! वांगे कसे देल्ले वं माय?” ‘वं’ बाईला म्हणतात, भाजीवाला पुरुष. वीस वर्षांच्या ओळखीचा. तो म्हणाला, “काकू, तब्येत बरी हाय ना?” आईला राग आला. मी मनातल्या मनात तिला आठ दिले.

मग या एप्रिलमध्ये प्रणालीने मालिका सोडली. कारण ‘वैयक्तिक’ होतं. सोमवारच्या भागात जिनिंगमध्ये कापसाचा ढीग रुख्मीच्या अंगावर कोसळला, चार बाया किंचाळल्या, नवरा ‘रुख्मे!’ म्हणून धावला आणि ढिगातून कापूस झटकत उठली ती दुसरीच बाई. उंचीने चार बोटं कमी. मालिकेतल्या घरात एकालाही फरक जाणवला नाही. सासूने तर त्याच भागात तिचा छळ पुन्हा सुरू केला, जिथे थांबला होता तिथून.

वऱ्हाडाला मात्र जाणवला. ‘आमची रुख्मी परत करा.’ ‘हिला पुन्हा ढिगात टाका, बघू तिसरी कोण निघते.’ एकाने ग्राहक मंचात जातो म्हणून लिहिलं. एका बचत गटाच्या बाया तर आमच्या दुकानात प्रणालीचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आल्या.

“बाई, थे जिवंत हाय,” चंद्रभानभाऊ म्हणाले.

“आमच्यासाठी गेली,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“आमी जित्या माणसाचा छापत नायी. एकडाव छापला होता, तं थो मानूस सोता घ्याले आला.”

शेवटी ‘भावपूर्ण निरोप’वर मिटलं. फोटोला हार मीच घातला.

नव्या मुलीचं नाव टायटलमध्ये नुसतं ‘कशिश’ असं यायचं. गाव नाही, आडनाव नाही. ती हळू बोलायची. ‘बाप्पा’ नाही, ‘वं माय’ नाही. मध्येच ‘मालूम’, ‘खाली-पिली’ असे शब्द. भांडताना आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायची. तिसऱ्याच दिवशी मी व्हिडिओ केला. तिची सहा वाक्यं लावली आणि म्हणालो, “हे पोट्टी निरा नकली हाय. हिनं वऱ्हाड नकाशात बी पायलं नसन. मुंबईच्या कोन्या क्लासात आठ दिवसात शिकून आली.” पाटीवर अडीच लिहिले. अर्धा कशाचा, असं लोकांनी विचारलं, तर म्हणालो, गाडीभाड्याचा. दहा लाख लोक हसले.

आठवड्याने एक गृहस्थ दुकानात आले. साठीचे, पांढरी दाढी, सदऱ्याच्या बाहीला कापसाचे धागे चिकटलेले. समोरच्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले, आणि ग्लास पालथा घालून ठेवला.

“मी अब्दुल गफ्फार. अकोटले गाद्या भरतो. एक फ्लेक्स बनवाचा हाय.”

“अकोटात फ्लेक्सवाले नाहीत काय चाचा? एवढ्या उन्हाचे एसटीनं आले.”

“तीन हायत. पन त्यायले सांगतलं की सांजेलोक गावभर होते. पोरीनं बजावून ठेवलं, अब्बा, कोनाले सांगू नका.”

“मग फ्लेक्स चौकात लावल्यावर गावाले दिसनच ना?”

त्यांनी पालथा ग्लास सरळ केला. “थे लावल्यावरची गोष्ट हाय,” म्हणाले.

मग त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. फोटोत रुख्मी होती. नवी रुख्मी. घरच्या सलवार-कमीजमध्ये, जमिनीवर बसून उशी शिवत होती.

“हे कहकशाँ. माह्यी मोठी पोरगी. टीव्हीवर कशिश म्हनते तिले. कहकशाँ लंबं पडते म्हने.”

“अकोटची?” मी विचारलं.

“तिथंच जलमली. माय हिवरखेडची. घरात जशी बोलते तशीच तथी बोलून राहिली. आता मले सांग बेटा. अमरावतीचं कोनतं तरी पोट्टं हाय, त्यानं पाटीवर अडीच लिवले. पुऱ्या अकोटात थे फिरलं, मले बी आलं. मी पुरं पायलं नायी. पाटी पायली, हात पायला, बंद केलं.”

माझा हात माऊसवर होता. मी तो टेबलाखाली घेतला. मग लक्षात आलं की हाताशिवाय डिझाइन होणार नाही. परत वर काढला.

“काय लिहायचं, चाचा?”

“वर लिव, ‘अकोटची लेक’. मंग तिचं पुरं नाव. लंबं झालं तरी चालन.”

“मागे वाघ पाहिजे की सिंह?” हे तोंडातून सवयीने गेलं.

“वाघ कायले बे? कापूस ठेव. आन खाली बारीक अक्षरात लिव, ‘अडीचवाल्या, एक दिवस घरी जेवाले ये’.”

“धमकी हाय काय?”

“धमकी कायची? जेवन हाय. दोन घंटे आमच्या घरी बसन, सिताराचं, म्हनजे पोरीच्या मायचं बोलनं ऐकन, तं त्याचं त्याले समजन. पोट्टं हाय. चुकलं असन.”

सांगायची वेळ हीच होती. दुकानात आम्ही दोघंच होतो, चंद्रभानभाऊ जेवायला गेले होते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “मॅट पाहिजे की चमकवाला?”

तो फ्लेक्स मी तीन तास केला. एवढं मन लावून मी आमदाराचाही केला नव्हता. कापसाचं एक-एक बोंड वेगळं कापून लावलं. कहकशाँच्या ‘शाँ’वरचा चंद्रबिंदू हाताने काढला, कारण फॉन्टमधला नीट बसत नव्हता. जाताना गफ्फारचाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अल्ला तुह्या हातात बरकत देवो,” म्हणाले. नेमका हात.

त्या संध्याकाळी मी व्हिडिओ लपवला. चाळीस मिनिटं. तेवढ्यात पेजवर बातमी झाली की चॅनलने हाताला दाबलं. ‘हाताला न्याय मिळालाच पाहिजे’ असं एकाने लिहिलं, हात सलामत आहे का असं चौघांनी विचारलं, आणि दर्यापूरहून दोन पोरं मोटारसायकलवर निघाली असं कळलं. मी घाबरून व्हिडिओ परत लावला. पोरं वलगावातून माघारी फिरली. त्या गडबडीत आणखी एक लाख लोकांनी तो पाहिला.

दोन दिवसांनी मुंबईहून फोन आला. चॅनलचा शेखर; माझं नाव आणि नंबर त्यांनी पेजवरून शोधून काढला होता. अतिशय गोड बोलणारा माणूस.

“कुलदीपजी, तुमच्या अडीच मार्कांवर आमच्याकडे तीन तास मीटिंग झाली.”

“सर, ती मुलगी अकोटची आहे,” मी एका दमात म्हणालो. वाटलं, सुटलो.

“माहीत आहे की आम्हाला. म्हणूनच तर घेतली. म्हटलं या वेळी अस्सल घेऊ. पण लोकांना ती वऱ्हाडी वाटत नाहीये, कुलदीपजी. त्याला आम्ही काय करणार?”

उपाय त्यांनी काढून ठेवला होता. चेहरा कहकशाँचाच राहणार, आवाज काढून टाकणार. ठाण्याची एक मुलगी डबिंग करणार, आणि तिला प्रणालीसारखं वऱ्हाडी शिकवायला एक माणूस लागणार. तो माणूस मी.

“पण अजून फायनल नाही,” शेखर म्हणाला. “रविवारी अकोल्यात आपला कार्यक्रम आहे, सहाशे बायका येतील. तिथे तिला तिच्याच आवाजात बोलू देऊ. लोकांनी घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर सोमवारपासून डबिंग. मार्क तुम्ही द्यायचे, स्टेजवर, पाटीसकट.”

मी हो म्हणालो. आपण तिथे असलो तर तिचा आवाज वाचवता येईल, असं मी स्वतःला समजावलं. मला स्टेजवर बोलावलं याचा आनंदही झाला होता. तोही सांगून टाकलेला बरा.

रविवारी अकोल्यात तापमान पंचेचाळीस होतं. सभागृहाच्या मागे मेकअपच्या खोलीत कहकशाँ रुख्मीची साडी नेसून बसली होती, पायात घरच्या चपला. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

“या सर, बसा. अर्धा मार्क गाडीभाड्याचा म्हने. अकोट ते मुंबई अर्ध्यात होते काय?”

“माफ करा. मला माहीत नव्हतं.”

“मालूम नव्हतं तं विचाराचं होतं. एक मेसेज कराचा, बाई, तू कुठची? तुमी तं सीधा निकालच लावला.”

“मी आज सगळ्यांसमोर सांगतो.”

“आज कायी करू नका.” तिने आवाज उतरवला. “ऐका. अब्बा-अम्मी आले. तिसऱ्या रांगेत बसले. अब्बाचा फ्लेक्स तुमच्याच दुकानातला, हे मले चॅनलवाल्यायनं तुमचा पत्ता सांगतला तवा समजलं; थो मी अजून लावू देल्ला नायी. तुमी कोन हा, थे अब्बाले मालूम नायी. घरी फोन केला की फ्लेक्सवाल्या पोट्ट्याची तारीफ चालू होते. थो मानूस लय कमी लोकायची तारीफ करते. तेवढं राहू द्या. बाकी तुमची पाटी, तुमचे मार्क.”

मी कबूल केलं. कबूल करायला सोपंही होतं, कारण हाताची लोकप्रियता ओळखून चॅनलने स्टेजच्या कोपऱ्यात काळा पडदा लावला होता. पडद्याला एक भोक. मी आत स्टुलावर बसायचं आणि भोकातून फक्त हात बाहेर काढायचा. सुरुवातीला निवेदिकेने ‘अमरावतीचा हात!’ असं पुकारलं, मी हात बाहेर काढला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कहकशाँ आली तेव्हा त्याच्या निम्म्याही पडल्या नाहीत.

तिला रुख्मीचा प्रसिद्ध संवाद म्हणायला सांगितला. जिनिंग बळकवायला आलेल्या दिराला रुख्मी बजावते, तो. प्रणाली तो असा म्हणायची की घरातली मांजर पळून जायची. मला पडद्याआड काही दिसत नव्हतं. अंधारात नुसता आवाज आला.

“माह्या जिनिंगले हात लावून पाय. सरकीवानी तेल काढीन तुह्यं.”

हळू. खाली उतरवलेला. मी सातवीत असताना शाळा बुडवून मेळघाटात पळालो होतो, परत आल्यावर आई दारात उभी राहून ह्याच आवाजात एक वाक्य बोलली होती. मला ताप आला होता. ती आई, मालिकेच्या आधीची, मला दोन वर्षांत ऐकू आली नव्हती. पडद्याआड ती अचानक माझ्या कानाशी येऊन बोलली, आणि मला आठवलं की आमच्याकडे रागावलेलं माणूस ओरडत नाही.

मग मागच्या रांगेतून सुरू झालं, “प्रणाली! प्रणाली!”

मी पाटीवर दहा लिहिले आणि हात बाहेर काढला.

“इकला गेला!” कोणीतरी ओरडलं. “हात इकला गेला!” सहाशे बायका एका हाताला हुर्यो करत होत्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कहकशाँने तेवढंच मागितलं होतं. पण मला वाटलं, आता बोललो नाही तर उद्यापासून तिच्या तोंडातून ठाणे बोलेल. मी पडदा बाजूला करून बाहेर आलो, निवेदिकेच्या हातातला माइक घेतला.

“बायाहो, चूक माझी आहे. ही मुलगी अकोटची आहे. हीच खरी बोलते. मी दोन वर्षं टीव्ही पाहून पाहून बिघडलो होतो.”

पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. “म्हनजे आमी बी बिघडलो काय?”

याला उत्तर होतं, पण सहाशे जणींसमोर देण्यासारखं नव्हतं.

“पुरावा काय?” दुसरी म्हणाली.

आणि मी, आधीच पुरेसं केलेला माणूस, म्हणालो, “हिचे वडील इथेच बसलेत. चाचा, वर या.”

गफ्फारचाचा वर आले, फ्लेक्सवाला पोरगा म्हणून मला ओळखून हसले; त्या गोंगाटात माझं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. स्टेजच्या पायऱ्यांशी त्यांनी चपला काढल्या. कोणी काढायला सांगितल्या नव्हत्या. माइक दोन्ही हातांनी धरला.

“नमस्कार. मी अब्दुल गफ्फार. अकोट. हे माह्यी पोरगी हाय.”

“तीन!” मागून आवाज आला.

सभागृह हसलं. मग सगळीकडून सुरू झालं. “साडेतीन!” “दोन!” “बाप बी चॅनलनं आनला!” “दाढी वढून पाहा!” हे सगळं त्यांना मी शिकवलं होतं. रोज दुपारी, दीड तास.

चाचांना आधी समजलं नाही की हे आकडे कशाचे. ते हसून हात जोडत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पाटीकडे. मग हाताकडे.

“तूच काय बेटा?” ते माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाले.

“हाव, चाचा.”

त्यांनी मान हलवली. माइक मला परत दिला, मूठ माझ्याकडे करून, कात्री देतात तसा. आणि पायऱ्या उतरायला लागले. कहकशाँ स्टेजवर उभीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ती त्यांच्या चपलांकडे पाहत होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक धिप्पाड बाई उठली. “थांबा वो! हे तं आमचे गादीवाले! तेल्हाऱ्याले येऊन माह्या आचलच्या लग्नाच्या गाद्या यायनंच भरल्या. तीन दिवस आमच्या अंगनात बसून भरल्या. हे कायचे नकली?”

“माह्या बी!” दुसरी.

“आमच्या तं चार लग्नाच्या!” तिसरी. “मी आजबी त्याच गादीवर झोपतो वं!”

आमच्याकडे लग्न ठरलं की गादीवाला घरी येतो, अंगणात कापूस पिंजतो, दिवसभर घरातल्या बायांशी बोलतो. त्यामुळे त्याचा आवाज बायांना ठाऊक असतो. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या सगळ्या एका बाजूला झाल्या. बाकीच्यांनी विचारलं की गादीचा आणि मालिकेचा काय संबंध. मग गफ्फारचाचांच्या गादीवर झोपणाऱ्या आणि न झोपणाऱ्या अशा दोन फळ्यांत जे भांडण झालं, ते शेखरने शेवटपर्यंत मोबाइलवर घेतलं.

चाचा ते बघायला थांबले नाहीत. सिताराचाची त्यांच्या मागे गेल्या.

मी मेकअपच्या खोलीत गेलो. कहकशाँ रुख्मीच्या बांगड्या उतरवत होती.

“मला तुमचा आवाज वाचवायचा होता,” मी म्हणालो.

“मालूम हाय.” तिने बांगड्या एकात एक घालून ठेवल्या. “माफी मांगाची होती तं घरी येऊन मांगाची होती, सर. तुमी माइकवर मांगली. थे माफी तुमच्यासाठी होती. अब्बाले मधात कायले वढलं?”

मी पाटीवरचे दहा बाहीने पुसले.

शेखर मात्र खूश होता. “सहाशे बायका भाषेवरून भांडल्या, कुलदीपजी! हे सोन्यासारखं आहे.” सोमवारचं डबिंग रद्द झालं. आवाज तिचाच राहणार. “फक्त लोकांना एक कारण द्यावं लागेल,” तो म्हणाला, “ती आधीसारखी का बोलत नाही याचं.”

कारण लेखकांनी चार दिवसांत दिलं. कापसाचा ढीग अंगावर पडला तेव्हा रुख्मीच्या मेंदूला आतून मार लागला होता. त्यामुळे तिची वाणी बदलली. मालिकेतल्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, “दुर्मिळ आजार आहे. पेशंट असंच बोलत राहणार. धीर सोडू नका.” नवरा रडला. सासूने छळ तात्पुरता थांबवला.

आणि वऱ्हाडाने कहकशाँला डोक्यावर घेतलं. ‘काय ॲक्टिंग आहे! अगदी आजारी वाटते.’ ‘किती बारीक अभ्यास केला मेंदूच्या पेशंटचा.’ ‘रुख्मे, लवकर बरी हो.’ मागच्या महिन्यात फ्लेक्सवर प्रणालीला निरोप देणाऱ्या अध्यक्षबाईंनी सोळा सोमवार धरले. माझी आई मालिका लागली की देवापुढे निरांजन लावते. “त्या लेकराची वाचा येऊ दे वं माय,” म्हणते. हिवरखेडची एक बाई आपल्या मुलीशी आयुष्यभर ज्या बोलीत बोलली, ती आता अमरावती-अकोला जिल्ह्यांत एक आजार आहे. सगळ्यांना तो लवकर बरा व्हायला हवा आहे.

‘अस्सल किती?’ मी बंद केलं. शेखरने तरी मला कामाला लावलंच, ‘भाषा सल्लागार’ म्हणून. कहकशाँला माझ्या सल्ल्याची गरज नाही, तिचे संवाद माझ्याकडे येतच नाहीत. डॉक्टरचे येतात. डॉक्टर शुद्ध पुणेरी बोलतो, त्यात तपासण्यासारखं काही नसतं. पण दर आठवड्याला लेखक त्याच्या तोंडी असं काही घालतात: ‘सुधारणा दिसते आहे. लवकरच त्या पूर्वीसारख्या बोलू लागतील.’ मी ते वाक्य खोडतो आणि लिहितो, ‘इतक्यात काही सांगता येणार नाही.’ लेखक ते ठेवतात. वऱ्हाडात डॉक्टर असंच बोलत असतील, अशी त्यांची समजूत आहे. असं किती आठवडे चालेल, मला माहीत नाही. रुख्मी ज्या दिवशी बरी होईल, त्या दिवशी ठाण्याची मुलगी स्टुडिओत येईल.

हे एका माणसाला माहीत आहे. गुरुवारी दुपारी अकोटहून त्यांचा फोन येतो. पहिल्या वेळी मी माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाले, “थे राहू द्या साहेब.” आता ते मला बेटा म्हणत नाहीत. साहेब म्हणतात, तुम्ही म्हणतात, आणि कामाचं तेवढंच बोलतात. मागून कोणीतरी कापूस पिंजत असल्याचा आवाज येत असतो.

“या हप्त्याले काय म्हनते डॉक्टर?”

“इतक्यात काही सांगता येणार नाही म्हणते, चाचा.”

“शुक्र हाय,” ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.